मगदूम सरांचा म्हातारा

“म्हातारा काढायचा,” खांबेटे म्हणाले. “बाकी काही बोलायचं नाही. म्हातारा गेला तर कादंबरी छापतो, नाहीतर हा गठ्ठा त्यांना परत देऊन यायचं.”

खांबेटे म्हणजे आमच्या पुण्यातल्या प्रकाशनाचे मालक. गठ्ठा म्हणजे कुरुंदवाडच्या भूपाल मगदूम सरांची आठवी विज्ञान कादंबरी, ‘अठरावी वसाहत’. आणि मी म्हणजे नुकतीच नोकरीला लागलेली वृंदा ओगले. तोवर माझ्या टेबलावर फक्त पाककृतींची पुस्तकं यायची. ही कादंबरी माझ्या हातून मार्गी लागली असती तर पुढं कथा-कादंबऱ्या मिळणार होत्या. नाही लागली तर पुन्हा ढोकळ्याचे प्रकार.

“पण सर, म्हातारा तर त्यांच्या प्रत्येक कादंबरीत असतो,” मी म्हणाले.

“तीच तर तक्रार आहे!” खांबेटे म्हणाले आणि त्यांनी एक कात्रण माझ्यापुढं टाकलं. कुणा परीक्षकानं लिहिलं होतं, की माणूस विश्वात कुठंही पोचला तरी मगदूमांचा म्हातारा तिथं आधीच सतरंजी टाकून बसलेला असतो.

ते खोटं नव्हतं. कादंबरी मंगळावर घडू दे नाहीतर सूर्यमालेबाहेर निघालेल्या यानात, नवव्या प्रकरणाच्या आसपास म्हातारा हजर व्हायचाच. नावं तेवढी बदलायची. कधी तो वसाहतीतला जुना पाणक्या असायचा, कधी निवृत्त खलाशी. एकदा तर तो गुरूच्या चंद्रावरचा तीन पायांचा प्राणी होता, पण त्या तिन्हींतला एक गुडघा दुखायचाच. सगळे शास्त्रज्ञ हात टेकून बसले की म्हातारा खोकायचा, करंगळीनं कान खाजवायचा आणि म्हणायचा, ‘आता मला विचाराल तर...’ मग तो काहीतरी इतकं साधं सांगायचा की सगळ्यांना ते वेडेपणाचं वाटायचं, आणि शेवटी नेमकं तेच खरं ठरायचं. शिवाय तो सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायचा. यानात सूर्य मावळत नाही, तरीसुद्धा. त्या जेवणावर एका प्राध्यापकांनी ‘मावळतीचे प्रतीक’ असा लांबलचक लेख लिहिला होता.

माझा त्या म्हाताऱ्यावर शाळेपासून जीव होता. गणितात नापास झाले तेव्हा गच्चीत बसून मी त्याच्याशी मनातल्या मनात बोलले होते. पण नोकरी ही नोकरी. शिवाय सरांच्या शेवटच्या दोन कादंबऱ्यांचे गठ्ठे गोदामात तसेच पडून होते, हे मी डोळ्यांनी पाहत होते. सरांना वाचक हवे असतील तर म्हाताऱ्यानं आता निवृत्त व्हावं, असं माझंही प्रामाणिक मत झालं होतं.

कुरुंदवाडला एसटीतून उतरले तेव्हा दुपार झाली होती. मगदूम सर स्वतः स्टँडवर आले होते. साठीचे, किडकिडीत, हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. माझी पिशवी त्यांनी हातातून ओढूनच घेतली. घर साधं, पत्र्याचं, पुढं कट्टा असलेलं. बाहेरच्या खोलीत लोखंडी कॉटवर एक वृद्ध गृहस्थ ट्रान्झिस्टर कानाला लावून बसले होते. अंगावर पांढरी बंडी, डोक्याला रुमाल.

“आमचे आण्णा. माझे चुलते,” सर म्हणाले. मी नमस्कार केला. आण्णांनी मान हलवली आणि पुन्हा बातम्यांत बुडाले.

सरांच्या पत्नी सुलोचनाकाकू पाणी आणि भडंग ठेवून गेल्या. भडंगात लसूण नव्हता. मी घसा साफ केला आणि बसमध्ये घोकून ठेवलेलं भाषण सुरू केलं.

मी काय काय बोलले ते आठवून आजही कानशिलं तापतात. मी म्हणाले, हल्लीच्या वाचकाला वेग लागतो. म्हणाले, म्हातारा आला की गोष्ट थांबते. त्याचे सल्ले भाबडे वाटतात. यंत्रमानवांच्या वसाहतीत गुडघा चोळत बसलेला माणूस हवाच कशाला? खरं सांगायचं तर वाचक त्याला कंटाळलेत, सर. तो येणार हे कळतं आणि पानं उलटली जातात. मी चांगली रंगात आले होते. सर एकेक चुरमुरा तोंडात टाकत शांतपणे ऐकत होते. मधूनच त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं जायची.

मी थांबले. तेव्हा माझ्या मागं कुणीतरी खोकलं.

मी वळून पाहिलं. आण्णांनी ट्रान्झिस्टर बंद करून मांडीवर ठेवला होता. एक पाय दुमडून ते गुडघा चोळत होते. मग त्यांनी करंगळी कानात घालून खाजवली आणि म्हणाले, “आता मला इचारशील तर भूपाल...”

हातातली भडंगाची बशी माझ्या मांडीवर उपडी झाली. भूमाते, पोटात घे, असं मनातल्या मनात म्हणून मी चुरमुरे वेचायला लागले.

“...तर बाई बरोबर बोलत्यात,” आण्णा म्हणाले. “काढ त्या म्हाताऱ्याला.”

“काढू?” सरांनी विचारलं.

“काढ की. लोकास्नी कट्टाळा आलाय. म्हाताऱ्याला काढलास की पुस्तक पळंल बघ. मी सांगतो, पळंल.”

माझा विश्वासच बसेना. ज्यांना काढायला आले होते तेच माझ्या बाजूनं बोलत होते. काम फत्ते झालं असं मला वाटलं, आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून फिस्सकन हसू ऐकू आलं. काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. सरांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि तेही हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले.

“झालं,” ते म्हणाले. “आता तर काढताच येणार नाही.”

“का न्हाई?” आण्णा करवादले. “बाई पुण्यास्नं आलीया. तिचं न्हाई तर माझं तरी ऐक.”

“बघतो आण्णा,” असं म्हणून सर उठले. पाहुणीला शेजारच्या वाडीची बासुंदी आणतो, म्हणून सायकल काढून बाहेर पडले. मला काही कळेना. मी तडक स्वयंपाकघर गाठलं.

काकू दोडके चिरत होत्या. मी समोर बसले.

“काकू, हसलात का?”

“मग काय करू? तुमचं काम होत आलं होतं बघा. मामंजींनी काढ म्हटलं आणि सगळं मुसळ केरात.”

“पण ते तर काढाच म्हणाले!”

“म्हणूनच की.” काकूंनी विळी बाजूला सारली. “अहो, मी या घरात आल्यापासून मामंजींचा एक सल्ला खरा झालेला नाही. एक म्हणजे एक नाही. नदीकाठच्या मळीत, पुराच्या गाळाच्या रानात, द्राक्षं लाव म्हणाले. आता मळीत कुणी द्राक्षं लावतं का? लावली. पहिला बहर धरला आणि पूर आला. मांडवासकट गेली संगमावर. गूळ ठेवून दे म्हणाले, भाव वाढेल. पावसाळ्यात माळ्यावरून गुळाचे थेंब गळायला लागले. मुंग्यांपायी घर सोडायची वेळ आली आमच्यावर.”

“आणि ऐकलंत तुम्ही?”

“हे ऐकतात ना. पुस्तकाचं सोडलं तर आजवर मोडला नाही शब्द. यांचे वडील वारले तेव्हा हे सात वर्षांचे. मामंजींनी लग्न केलं नाही, ह्यांनाच वाढवलं. मग त्यांचा शब्द मोडायचा कसा?” काकू पुन्हा दोडक्याकडं वळल्या. “पुराच्या साली तर म्हणाले, दारं उघडी ठेवा, पाणी आलं तसं जाईल. आलं तसं गेलं बघा. जाताना कणगी, भांडी आणि माझं शिवणयंत्र घेऊन गेलं.”

मी एकदम सावध झाले. ‘अठरावी वसाहत’ माझ्या पिशवीतच होती. तिच्या नवव्या प्रकरणात वसाहतीतली हवा संपत आलेली असते, शास्त्रज्ञ दारांना आणखी कुलपं घालत असतात, आणि म्हातारा म्हणतो, दारं उघडा. सगळ्यांना वाटतं हा मारणार आपल्याला. दारं उघडतात तर बाहेरची हवा कधीचीच श्वास घेण्याजोगी झालेली असते.

“आणि द्राक्षं...” मी म्हणाले. “‘मळीचा ग्रह’!”

“हां. त्या ग्रहावर नदी जमिनीखालून वाहते ना? तिथं किती द्राक्षं आली ओ! घडच्या घड. मी वाचताना रडले.”

काकूंचे डोळे खरंच भरून आले होते. मला मात्र हसावं की काय करावं कळेना. सातही कादंबऱ्या डोक्यात उलटसुलट व्हायला लागल्या होत्या. मी उठून पुढच्या कट्ट्यावर आले. तिथं आण्णा उन्हाला पाठ देऊन बसले होते.

“बस पोरी,” ते म्हणाले. “सुलोचनानं सगळं सांगितलं असंल. द्राक्षं, गूळ, सगळं?”

“हो,” मी ओशाळून म्हणाले. “आण्णा, मघाशी मी जे बोलले ते... तुम्ही आहात हे मला माहीत नव्हतं.”

“त्यात काय? खरं बोललीस. मला बी कट्टाळा आलाय त्याचा.” ते हसले. दात फारसे नव्हतेच. “ह्यो मला सगळं वाचून दाखवतोय. मला काय कळत न्हाई, पर म्हातारा आला की मला कळतंय, ह्यो मीच. मग माझं सगळं खरं हुतंय. लोकं माझ्या पाया पडत्यात. ऐकताना लाज वाटती बघ.”

“लाज कशाची?”

समोरून एक म्हैस गेली, आण्णा तिच्याकडं बघत बसले.

“द्राक्षं गेली, गूळ गेला, त्याचं काय न्हाई. जातंय यतंय,” ते म्हणाले. “भूपाल बीएस्सीला पहिला आला. बेंगळूरच्या मोठ्या संस्थेतनं बोलावणं आलं. संशोधन करायला. आता मला काय कळतंय त्यातलं? मी म्हणालो, जाऊ नकोस. लांब हाय, भाषा येगळी, कोण जेवायला घालणार? हितल्या शाळेत लाग. लागला. एका शब्दानं बोलला न्हाई. तवापासनं ह्यो रोज पोरास्नी तेच ते भिंग आणि लोहचुंबक शिकवत बसला, आणि संध्याकाळी आभाळाकडं बघत.” त्यांनी रुमाल काढून पुन्हा डोक्याला गुंडाळला. “एकदा मी आडवा आलो त्येला. आता पुस्तकाला बी आडवा यायचं न्हाई मला. तू काढ पोरी त्या म्हाताऱ्याला. त्यो न्हाई म्हणाला तर तू काढ. छापणारी तू हाईस.”

हे काम मला मघापर्यंत किती सोपं वाटत होतं! ते स्वतःला पुसून टाकायला निघाले होते, आणि ते करायला मला गळ घालत होते. मी नुसती मान हलवली, आणि त्या मान हलवण्याचा अर्थ त्यांनी होकार असा घेतला.

ऊन उतरायच्या आधीच पानं मांडली गेली. या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही, ही त्यांची पिढ्यांची जैन रीत. आण्णा मध्येच उठून दारातून सूर्य किती वर आहे ते बघून आले आणि “आवरा, आवरा” म्हणाले. मला त्या प्राध्यापकांच्या लेखाची आठवण झाली आणि बासुंदीचा ठसका लागला.

पुण्याची गाडी होती. सर स्टँडवर सोडायला आले. हस्तलिखिताचा गठ्ठा पुन्हा माझ्याच पिशवीत होता. त्याचं काय करायचं हा विषय दोघांपैकी कुणीच काढत नव्हतं. शेवटी मीच विचारलं.

“सर, तुम्ही आण्णांचे सल्ले गोळा करून कादंबऱ्या लिहिता?”

“गोळा करावे लागत नाहीत. येतच असतात,” सर म्हणाले. “बाकीचे लेखक काय करतात? आधी ग्रह तयार करतात, मग त्यावर माणसं सोडतात. माझं उलटं. माझ्याकडं आधी आण्णांचा सल्ला असतो. मग तो जिथं खरा ठरेल असा ग्रह मी तयार करतो. मळीत द्राक्षं यायची असतील तर नदी कुठून वाहिली पाहिजे? गुरुत्वाकर्षण किती पाहिजे? सगळं गणित करतो. बरोबर येईपर्यंत करतो.”

“इतका खटाटोप?”

“या पृथ्वीवर त्यांचं एकही म्हणणं खरं झालं नाही हो,” सर म्हणाले. “मग मला दुसरीकडं बघावं लागलं.”

मी त्यांना कट्ट्यावरचं बोलणं सांगितलं. सांगू नये असं आधी वाटलं होतं, पण सांगितलं. बेंगळूरचं नाव निघताच ते थांबले.

“अजून तेच धरून बसलेत?” ते हळूच म्हणाले. “माझी पहिली कादंबरी आठवते तुम्हाला?”

आठवत होती. म्हातारा एका मुलाला यानात चढू देत नाही. हात धरून ठेवतो. मुलगा रडतो, यान निघून जातं आणि परत कधीच येत नाही.

“ती मी आण्णांसाठी लिहिली. वाचून दाखवली. म्हटलं, बघा, बरं झालं की नाही थांबवलंत ते? तर म्हणाले, गोष्टीतलं काय खरं धरायचं? मी पुन्हा लिहिली. पुन्हा लिहिली. सात वेळा त्यांना खरं केलं. गोष्टीतलं ते गोष्टीतलंच, म्हणतात.” सरांनी चष्मा पुसला. “मी सुखात आहे, हे किती वेळा सांगू? त्यांना माझं सांगणं पटत नाही. त्यांना पुरावा पाहिजे. शेवटी पदार्थविज्ञानवाल्याचेच काका.”

गाडी लागली होती. मी पायरीवर चढले आणि वळून म्हणाले, “आण्णा म्हणाले, म्हातारा काढला तर पुस्तक पळेल.”

“म्हणाले खरं.”

“आणि आण्णांचं आजवर काहीच खरं झालेलं नाही.”

“काहीच नाही.”

“म्हणजे म्हातारा ठेवला तर पळेल!”

सर मोठ्यानं हसले. “तर्क बिनचूक आहे,” ते म्हणाले. “पुण्यात चालतो का बघा.”

पुण्यात तो तर्क मी खांबेट्यांपुढं मांडला नाही. एवढी अक्कल मला होती. पण बाकी मी जे काही बोलले, ते त्या नोकरीतलं माझं सर्वांत मोठं भांडण. म्हणाले, म्हातारा काढला तर नववं प्रकरणच उरत नाही. वसाहतीची दारं कुणी उघडायची? म्हणाले, ही एक छापा, नाही चालली तर मी जन्मभर पाककृती करीन आणि तोंडातून ब्र काढणार नाही. खांबेटे म्हणाले, “पाककृती तू तशाही करणारच आहेस.” पण त्या दिवाळीत त्यांच्या यादीत एक पुस्तक कमी पडत होतं आणि मी त्यांच्या टेबलासमोरून हलत नव्हते. शेवटी वैतागून त्यांनी सही केली. मी प्रत्येक पान डोळ्यांत तेल घालून तपासलं. मुखपृष्ठावर मी मुद्दाम म्हाताराच घेतला, उघड्या दारात उभा राहिलेला.

‘अठरावी वसाहत’ सपशेल आपटली.

आपटली म्हणजे थोडीफार खपली असंही नाही. विक्रेत्यांनी गठ्ठ्यांची दोरीसुद्धा न सोडता ती परत पाठवली. एका परीक्षणात फक्त एवढंच होतं, की पुन्हा म्हातारा. माझ्या टेबलावर ‘उपवासाचे पदार्थ’ येऊन पडलं. खांबेटे मला काही बोलले नाहीत, पण ते न बोलणं फार दिवस चाललं.

सरांना विक्रीचं पत्रानं कळवलं होतं. मला मात्र ते पत्र पुरेसं वाटेना. म्हातारा मी ठेवायला लावला होता, मुखपृष्ठावर नेऊन बसवला होता. आता आण्णांना काय वाटत असेल? दुसऱ्यांदा आडवा आलो, हेच ना? त्या विचारानं मला जेवण जाईना. पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी कुणाला न कळवता कुरुंदवाडची गाडी पकडली. जाऊन काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. नुसते पाय धरायचे, असं काहीतरी मनात होतं.

गल्लीच्या तोंडाशीच आण्णांचा आवाज ऐकू आला. मला वाटलं कुणाशी भांडण चाललंय.

“...अरं कुठली खपत्यात! एक बी न्हाई खपलं. पार बुडालं बघ पुस्तक!”

कट्ट्यावर आण्णा ताठ बसले होते. समोर दूधवाला सायकल धरून उभा होता, शेजारची दोन माणसं होती. आण्णांचा चेहरा असा फुलला होता की मी जागच्या जागी थांबले.

“मी ह्याला सांगितलं हुतं, म्हाताऱ्याला काढ. पुण्याच्या बाईसमोर सांगितलं. न्हाई ऐकलं. मग? काय झालं?” त्यांनी मांडीवर थाप मारली. “मी म्हणलं तसंच झालं!”

“तुमी म्हणलासा तसं झालं व्हय, आण्णा?” दूधवाला चकित होऊन म्हणाला. गल्लीतल्या माणसाला त्याचं अप्रूप वाटणारच.

“इचार की हिला! ही बघ आली!” आण्णांनी मला पाहिलं होतं. “ये पोरी, ये. सांग ह्यास्नी. खपलं काय एक तरी?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पुण्याहून मी रडवेली होऊन आले होते, आणि आता मला हसू आवरेना.

“नाही आण्णा,” मी म्हणाले. “तुम्ही म्हणालात तसंच झालं.”

“बघ!” आण्णा दूधवाल्याला म्हणाले.

सर दारात उभे होते. त्यांची स्वतःची कादंबरी बुडाल्याची ही दवंडी चालली होती, आणि ते लग्नाच्या मांडवात उभ्या असलेल्या वधूपित्यासारखे कृतकृत्य दिसत होते. मी आत गेले.

“सर, मी माफी मागायला आले होते.”

“कशाची?” ते हळू आवाजात म्हणाले. “विक्रीचं पत्र आल्यापासून हे असंच चाललंय. आधी मला दोन दिवस रागावले. माझं ऐकायचं होतंस लेका, म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की अरेच्चा, आपलं बरोबर आलं! तेव्हापासून गुडघासुद्धा दुखत नाही. शेजारचा बापू परवा त्यांना बोअर कुठं मारू ते विचारायला आला होता. त्याला अडवायला मला धावावं लागलं.”

“तुम्हाला आधीच माहीत होतं, पुस्तक पडणार म्हणून?”

“छे. चालावं असंच वाटत होतं. लेखक आहे मी.” त्यांनी बाहेर आण्णांकडं पाहिलं. “पण तुमची गाडी गेल्यावर मी घरापर्यंत चालत विचार करत आलो. म्हटलं, दोन्हीकडून आपलाच फायदा आहे. चाललं तर पुस्तक. नाही चाललं तर आण्णा.”

काकूंनी पानं मांडली. सूर्य अजून बराच वर होता. आण्णा आत आले, पाटावर बसले, भाकरी मोडली. जेवता जेवता त्यांनी मला पुस्तक कसं बुडालं ते पुन्हा एकदा सविस्तर सांगायला लावलं. गठ्ठे कसे परत आले, परीक्षणात काय लिहिलं होतं, सगळं. मी काही हातचं राखलं नाही. उलट थोडं वाढवूनच सांगितलं.

मग ते बराच वेळ आमटीत भाकरी कालवत राहिले. वर न बघताच म्हणाले, “भूपाल.”

“काय आण्णा?”

“पुस्तकाचं मी म्हणलं तसंच झालं.”

“झालं की.”

“खरंखुरं झालं. गोष्टीत न्हाई.”

“खरंखुरं झालं.”

“मग...” आण्णांचा हात थांबला. “बेंगळूरचं बी माझं बरोबरच असंल की काय रं?”

काकू हातातली ताकाची कासंडी तशीच धरून उभ्या राहिल्या. सरांनी घास खाली ठेवला.

“बरोबरच होतं, आण्णा,” ते म्हणाले. “मी तिथं गेलो असतो तर ह्यातलं काहीच झालं नसतं.”

आण्णांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. खोटं बोलताना हा पोरगा लहानपणी कसा दिसायचा ते त्यांना माहीत असणार. बघून झाल्यावर त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा भाकरीला हात घातला.

“मला वाटलंच हुतं,” ते म्हणाले, आणि काकूंकडं ताक मागितलं.